पाणीपट्टीची जन्मकथा

संपादिकाबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक द्या" असा निरोप धाडला, तेव्हा प्रथम मनात आले ते नेहमीचेच विषय: जिजाबाई, अहिल्याबाई, रमाबाई. त्यांच्यावर लिहिणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत आणि त्या माझ्याहून चांगले लिहितात. पण गेले तीन महिने मंडळाच्या खोलीत हळदीकुंकवापासून भिशीपर्यंत कोणताही कार्यक्रम असो, शेवटी बोलणे येऊन थांबते ते एकाच गोष्टीवर. आळीतला जुना दोन बोटांचा नळ काढून मोठा नळ घ्यायचा की नाही, त्यासाठी घरटी वर्गणी द्यायची की नाही आणि मीटर बसवून घ्यायचा की नाही. त्या दिवशी पलीकडच्या वाड्यातल्या आजी म्हणाल्या, "अगं, आमच्या वेळी पाण्याला पैसे मागणाऱ्याला पापी म्हणत!" सगळ्या हसल्या. पण घरी गेल्यावर मला वाटले, आजींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पाण्याला पैसे द्यायचे असतात, ही कल्पना आपल्याकडे आली केव्हा, आणली कोणी आणि बायकांना तिच्याबद्दल कोणी विचारले का? एवढाच प्रश्न घेऊन ही माहिती जमवली आहे.

आजींचे म्हणणे इतिहासाला धरूनच आहे. पाणी विकणे हे पाप आणि पाजणे हे पुण्य, या एका समजुतीवर आपली कितीतरी गावे शेकडो वर्षे जगली. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या विहिरी आणि घाट सर्वांनाच ठाऊक आहेत. मुंबईसारख्या व्यापारी शहरातही हीच रीत होती. आज चर्चगेटजवळ जी भिखा बेहराम विहीर दिसते, ती एका पारशी गृहस्थांनी १७२५ साली खोदली. चहूकडे खारे पाणी असताना तिला गोडे पाणी लागले, म्हणून पारशी मंडळी आजही तिच्यापाशी हात जोडतात. मुंबादेवीचा तलाव १७६६ मध्ये पुतळीबाई नावाच्या एका बाईने बांधला असे जुन्या नोंदींत आहे. तलाव पुढे बुजला आणि बाईचे नावही त्याबरोबर बुजले. गिरगावाजवळचा सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव, १७७५ चा. धोबी तलावाची दुरुस्ती १८३१ साली फ्रामजी कावसजी यांनी स्वतःच्या खर्चाने केली. तलाव गेले, पण त्यांची नावे बसच्या थांब्यांवर राहिली.

पुण्याची व्यवस्था याहून सुबक होती. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तळे बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. सुमारे आठ किलोमीटरची वाट, मध्ये मध्ये हवा खेळण्यासाठी उच्छ्वास आणि पेठापेठांतून हौद. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजून आहेत. पाणी उंचावरून आपोआप उताराने येई. पंप नाही, कोळसा नाही आणि बिलही नाही. हौदावर आलेल्याने कळशी भरून घ्यावी.

पण येथे थोडे थांबायला हवे. "हौदावर आलेल्याने" असे मी लिहिले खरे, पण सगळ्यांना हौदावर येता येत नव्हते. जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना मोकळा केला. ती बातमी झाली, याचाच अर्थ बाकीचे हौद त्यांना बंद होते. सहा दशकांनंतरही, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा मुंबई कायदेमंडळाचा १९२३ चा ठराव असताना, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोक घेऊन जावे लागले. आणि न्यायालयातील निकाल पूर्णपणे लागायला १९३७ साल उजाडले. तेव्हा आजी, तुमचा मान राखून सांगते, पाणी फुकट होते हे अर्धेच खरे. ज्यांना विहिरीच्या काठावर उभे राहून "कोणीतरी ओंजळीत घाला हो" म्हणावे लागे, त्या बायकांनी त्या पाण्याची जी किंमत मोजली ती कोणत्याही पाणीपट्टीत बसणारी नव्हती. पुण्याच्या पाण्यात देणाऱ्याची मर्जी असते. पट्टीच्या पाण्यात निदान पावती मिळते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. पाणी फुकट असले तरी ते घरी आणण्याचे काम फुकट नव्हते. मोठ्या घरांतून पाणक्या असे. मुंबईत भिस्ती पखाल पाठीवर घेऊन जिने चढे. त्याला महिन्याचे पैसे देण्यात कोणालाही पाप वाटत नसे. ज्या घरी पाणक्या ठेवण्याची ऐपत नव्हती तिथे तेच काम सुनेकडे येई आणि त्याचा हिशेब कोणत्याच वहीत मांडला जात नसे. पुढे जो सारा वाद झाला तो या मुद्द्याभोवती फिरतो, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

आता मुख्य हकीकत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबईची वस्ती साडेपाच लाखांच्या वर गेली होती. विहिरी आणि तलाव मात्र तेवढेच, आणि उन्हाळ्यात त्यांचा तळ दिसे. १८४५ साली शहरातल्या लोकांनी पाण्याबद्दल एवढी ओरड केली की सरकारला चौकशीसाठी दोघांची समिती नेमावी लागली. समितीने पाहणी केली, अहवाल दिला आणि रिवाजाप्रमाणे काही वर्षे गेली. पुढे १८५४ साली पावसाने दगा दिला. त्या टंचाईच्या काळात गुरे शहराबाहेर माहीमकडे हाकलावी लागली आणि पाणी होड्यांतून व नव्याने सुरू झालेल्या आगगाडीने आणून विहिरींत ओतावे लागले. बोरीबंदरहून पहिली गाडी सुटली ती १८५३ साली. म्हणजे आपल्या आगगाडीने पाण्याची वाहतूक जवळजवळ पाळण्यातच सुरू केली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली तेव्हा वर्तमानपत्रांना ते फार अपूर्व वाटले होते. पण मुंबईच्या पणज्यांना त्यात नवल वाटले नसते.

उपाय सुचविला हेन्री कॉनिबेअर नावाच्या इंजिनियरने. साष्टीच्या डोंगरात, आज जिला आपण मिठी नदी म्हणतो तिच्या उगमाकडे, विहार गावाजवळ बांध घालायचा, तलाव करायचा आणि लोखंडी नळाने पाणी उताराने शहरात आणायचे. इथपर्यंत सगळ्यांची संमती होती. मतभेद झाला तो "खर्च कोणी करायचा" या ओळीवर. सरकारचे म्हणणे असे की पाणी मुंबईकर पिणार, तर पैसे मुंबईकरांनी द्यावेत. शहरातल्या धनिकांचे म्हणणे निराळे. ज्यांच्या वाड्यात स्वतःची बावडी होती, दारात भिस्ती येत होता, त्यांना विहारचे पाणी हवेच कशाला? तलाव बांधून दान करण्याला ही मंडळी कधी मागे हटली नव्हती. कर म्हणून तेच पैसे द्यायला मात्र तयार नव्हती. दानात नाव राहते, करात राहत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. उलट ज्यांना पाणी खरोखर हवे होते, ते चाळीतले आणि झावळ्यांच्या झोपड्यांतले लोक घरमालक नव्हते, त्यामुळे त्यांना कोणी विचारलेच नाही.

गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी योजना पुढे रेटली. पैसे सरकारने घातले, पण ते शहराच्या डोक्यावर कर्ज म्हणून. १८५६ च्या सुरुवातीला काम सुरू झाले आणि १८६० साली विहारचे पाणी नळातून शहरात आले, दिवसाला सुमारे सव्वातीन कोटी लिटर. खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, बांधाला गळती लागली आणि कर्ज कोणी व कसे फेडायचे यावर सरकार आणि शहर यांच्यात पुढे बरीच वर्षे कागद फिरले. पण एकदा तोटी फिरवून पाणी येते हे लोकांनी पाहिले आणि सारे चित्र पालटले. नको म्हणणारेच आता कमी पडते म्हणू लागले. १८७९ साली तुळशी तलाव झाला, १८९२ साली तानसा. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली वैतरणेवर धरण झाले, त्याला इंजिनियर मोडक यांच्या नावाने मोडकसागर म्हणतात. आज मुंबईला दिवसाला पावणेचारशे कोटी लिटरांहून अधिक पाणी येते आणि तरीही पुरत नाही.

वसुलीची रीत ठरली ती १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने पक्की केली. घराच्या भाडेमूल्यावर शेकडा इतका सर्वसाधारण कर, इतकी पाणीपट्टी आणि मैला उचलण्यासाठी हलालखोर कर. म्हणजे पाणी किती वापरले याचा पट्टीशी संबंध नाही, घर केवढे आहे याच्याशी आहे. मोठ्या घरवाल्याने एक तांब्याही न वापरला तरी पट्टी द्यायची, आणि एकदा दिली की बाग भिजवा, गाडी धुवा, कोणी विचारणार नाही. आपल्या मीटरच्या वादातही हीच दोन टोके आहेत. मागच्या बैठकीत "मीटर म्हणजे गरिबांवर जुलूम" असे एक भगिनी म्हणाल्या आणि "मीटर नाही म्हणूनच वरच्या बंगल्यांना धो धो आणि खाली थेंब थेंब" असे दुसऱ्या म्हणाल्या. दोघींचेही बोलणे खरे आहे. कोणते अधिक खरे, ते दर कसा बांधला आहे यावर अवलंबून. पहिले काही हजार लिटर स्वस्त आणि पुढचे चढत्या भावाने, असा दर असेल तर मीटर गरिबाच्या बाजूचा होतो. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना केली तेव्हा मीटर आणि चढता दर या दोन्ही गोष्टी एकदमच आणल्या होत्या.

पाण्यासाठी माणूस पैसे कशाला देतो, याचा एक चमत्कारिक दाखला मुंबईच्या टंचाईच्या त्याच साली लंडनमध्ये घडला. १८५४ च्या ऑगस्टअखेर ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर हिंडून दाखवून दिले की मरणारी माणसे एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होती. त्यांच्या यादीत एक विधवा बाई होत्या. त्या राहात होत्या दूर हॅम्पस्टेडला, जिथे साथ नव्हतीच. पण पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहिल्या असल्याने तिथल्या पाण्याची चव त्यांना आवडे, म्हणून रोज गाडीने ते पाणी बाटलीत भरून मुद्दाम मागवीत. त्या बाई गेल्या आणि त्यांच्याकडे येऊन तेच पाणी प्यालेली भाचीही गेली. घराजवळचे निर्धोक पाणी सोडून त्यांनी दुरून आणवले ते पटकीचे. आपण काही त्यांच्याहून शहाण्या नाही. "आमच्या विहिरीचे पाणी कसे गोड" असे म्हणणाऱ्या कितीजणींनी ते कधी तपासायला पाठवले आहे?

नळाच्या पाण्याविषयी आपल्या लोकांच्या मनात चवीखेरीज आणखीही किंतु होते. नळात चामड्याचे वायसर, कोणकोणत्या वस्तीतून तो येणार, कोणाचा हात लागणार! कलकत्त्याला १८७० च्या सुमारास नळ आला तेव्हाची एक आख्यायिका सांगतात. शास्त्रीमंडळींनी बराच खल करून असा तोडगा काढला की हे पाणी पिण्याने जो दोष लागेल त्याचे प्रायश्चित्त पाणीपट्टी भरण्यानेच होऊन जाते! गोष्ट खरी असो वा रचलेली, पाणीपट्टीचे एवढे मनोहर समर्थन कोणत्याही नगरपालिकेला अद्याप सुचलेले नाही.

मुंबईत मात्र विहिरी सोडायला लोक सहजासहजी तयार झाले नाहीत. हिवतापाचे डास या विहिरींतच वाढतात असे डॉक्टर बेंटली यांनी १९११ च्या अहवालात दाखवले, तेव्हा विहिरी बुजवा किंवा झाका असे हुकूम सुटले. त्यावर हिंदू, पारशी सर्वांनीच तक्रारी केल्या. पूजेला, सोवळ्याला, धर्मकृत्याला उघड्या विहिरीचेच पाणी हवे. शेवटी काही ठिकाणी जाळीची आणि उघडता येणारी झाकणे बसवून तडजोड झाली. घरात दोन पाणी असण्याची पद्धत अशी बरीच वर्षे टिकली, देवाचे विहिरीचे आणि वापरायचे नळाचे. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत तसेच करीत.

विहिरी अगदीच टाकाऊ नव्हत्या, हे पुण्याला एकदा फार कठीण प्रसंगी कळले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले आणि ज्या तलावावर १८७९ पासून शहराची भिस्त होती तो रिकामा झाला. त्या दिवसांत घरोघरच्या आडांवरची धूळ झटकून रहाट पुन्हा लावले गेले.

आता मुंबईच्या उपनगराकडे वळू, कारण या इतिहासात बाई प्रथमच पुढे येते ती तिथे. गोरेगाव हे त्या काळी मुंबईबाहेरचे गाव. १९५७ साली ते महापालिकेच्या हद्दीत आले. लोकवस्ती वाढत होती आणि नळ मात्र शहरातल्याप्रमाणे पोहोचत नव्हते. मृणाल गोरे या डॉक्टरकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून समाजकार्यात उतरलेल्या बाई तिथे राहात. आधी ग्रामपंचायतीत आणि १९६१ पासून महापालिकेत त्या निवडून गेल्या. त्यांनी पाण्याचा प्रश्न असा काही धरला की लोक त्यांना "पाणीवाली बाई" म्हणू लागले. रिकामे हंडे घेऊन बायकांनी कचेरीवर जायचे ही आज सवयीची झालेली रीत त्या काळात धीटपणाची होती. १९७७ साली त्या लोकसभेवर गेल्या तेव्हा "पाणीवाली बाई दिल्लीत" अशी घोषणाच झाली होती. मला त्यांच्या कामातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वाटते ती ही: त्या बायका पाणी फुकट मागत नव्हत्या. "आम्ही पट्टी देतो, आम्हाला पाणी द्या" असे त्या म्हणत. ही मागणी दानाची नव्हे, हक्काची. विहारच्या वेळी ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांच्या नातसुनाच जणू शंभर वर्षांनी दार ठोठावत होत्या.

त्याच मुंबईत ज्यांची घरे कायद्याच्या चौकटीत बसत नव्हती त्यांना मात्र पैसे देण्याची तयारी असूनही नळ मिळत नसे. टँकरवाल्याकडून किंवा शेजारच्या नळवाल्याकडून हंड्याने पाणी घ्यावे लागे, तेही पलीकडच्या इमारतीपेक्षा कितीतरी पट भावाने. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की घर अनधिकृत असले तरी पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. गरीब पैसे देणार नाहीत असे म्हणणाऱ्यांनी ते आधीच किती देत आहेत हे कधी पाहिलेच नव्हते.

ते पाहण्याचे काम पुढे काही अभ्यासकांनी केले. १९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पिण्याच्या पाण्याचे दशक म्हणून पाळले. त्या वेळी सरकारी कचेऱ्यांतून एक ठोकताळा चाले: कुटुंबाच्या मिळकतीच्या शेकडा तीन ते पाच इतका पाण्याचा खर्च झेपतो, त्यावर योजना आखावी. कोणाला काय हवे हे विचारण्याची गरज नाही. मग जागतिक बँकेच्या वतीने काही मंडळींनी घरोघर जाऊन विचारायला सुरुवात केली. नायजेरियातल्या ओनित्शा नावाच्या गजबजलेल्या शहरात १९८७ साली पाहणी झाली. तिथे खासगी विंधणविहिरींतून टँकर भरत, टँकरवाले टाकीवाल्यांना विकत आणि टाकीवाले बादलीने शेजाऱ्यांना. हिशेब केला तेव्हा दिसले की शहरातले लोक या पाणी विकणाऱ्यांना वर्षाकाठी जेवढे देतात ते नळयोजना चालवण्याच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक आहे.

आपल्याला अधिक जवळची पाहणी केरळातली. १९८८ साली तिथल्या खेड्यांतून घरोघर विचारण्यात आले: नळ घरात आला आणि महिन्याला इतके पडले तर घ्याल का? हो म्हटले की आकडा वाढवायचा, नाही म्हटले की उतरवायचा, बाजारात भाजीचा भाव करतो तसे. अशा प्रश्नांना लोक खरी उत्तरे देतील का, ही शंका साहजिकच आहे. जास्त सांगितले तर पट्टी वाढेल अशी भीती कोणालाही वाटेल. म्हणून १९९१ मध्ये तीच घरे पुन्हा गाठून पाहिले की बोलले तसे वागले का. बहुतेक घरे बोलल्याप्रमाणे वागली होती.

त्या अभ्यासात जे दिसले ते आपल्या आळीचेच वर्णन वाटावे. दर अगदी कमी, म्हणून खात्याच्या हाती पैसा नाही. पैसा नाही, म्हणून पाणी वेळी-अवेळी आणि थोडे. असे पाणी येते म्हणून लोक नळ घेत नाहीत, सार्वजनिक तोटीवरच भागवतात; नळ घेणारे थोडे म्हणून पुन्हा पैसा नाही. रहाटगाडग्यासारखे हे फिरत राहते आणि पोहरा रिकामाच वर येतो. लोक महिन्याला जास्त दर द्यायलाही तयार होते, पण नळजोड घेताना एकदम भरायची रक्कम त्यांना अडवीत होती. ती रक्कम महिन्याच्या बिलात थोडी थोडी घातली तर पुष्कळ अधिक घरे नळ घेतील, असा त्या मंडळींचा निष्कर्ष होता. मिळकत हे एकच कारण नव्हते. विहीर किती दूर, तिचे पाणी कसे, घरात शिकलेले माणूस कोण, यावरही तयारी ठरे.

सरकारी योजनांनी यातून अर्धा धडा घेतला. महाराष्ट्रात २००३ साली सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने खर्चाचा दहावा हिस्सा आधी भरायचा आणि पुढे योजना स्वतः चालवायची, असा नियम झाला. पाणीसमितीत निम्म्या बायका असाव्यात असेही ठरले. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर हे माप धरले आहे आणि गावातल्या कामासाठी लोकवर्गणी शेकडा दहा, डोंगराळ आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्य वस्तीत पाच. वर्गणी देणाऱ्याला आपलेपणा वाटतो हे खरेच. पण ती एकदम आणा म्हटले की हातावर पोट असलेल्याचे नाव यादीतून गळते, हा उरलेला अर्धा धडा.

आणि आणखी एक गोष्ट या पाहण्यांतून सुटता सुटत नाही. "किती द्याल?" हा प्रश्न बहुधा दारात उभे असलेल्या कुटुंबप्रमुखाला विचारला जातो. त्याच्या मनात येतो तो खिशातला रुपया. पहाटे साडेचारला उठून तोटीखाली नंबर लावणारी, चुंबळ ठेवून दोन जिने चढणारी, पाणी गेले म्हणून रजा टाकणारी बाई आत स्वयंपाकघरात असते. तिने रोज दिलेला तास दीड तास तो आकड्यात धरीत नाही, कारण तो त्याने दिलेलाच नसतो. मागच्या महिन्यात मंडळाने घरोघर कागद फिरवला तेव्हा मी मुद्दाम दोन रकाने करवून घेतले होते, एक यजमानांचा आणि एक घरातल्या बाईचा. सत्तेचाळीस घरांपैकी एकतीस घरांत बाईचा आकडा मोठा निघाला. सहा घरांत तो लिहून मग खोडलेला आहे.

मागल्या चाळीत अठरा बिऱ्हाडांना मिळून एकच तोटी आहे. तिथल्या जवळजवळ सगळ्यांनी महिन्याची पट्टी मान्य केली. नळजोडाची अनामत मात्र एकरकमी भरणे त्यांतल्या अकरा घरांना शक्य नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले. संबंधित कचेरीत चौकशी केली तेव्हा हप्त्याची सोय नाही, असे उत्तर मिळाले. आपल्या मंडळाच्या भिशीतून ती रक्कम आधी भरावी आणि त्यांनी दहा महिन्यांत परत करावी, अशी सूचना कोषाध्यक्षांनी मांडली आहे. वाड्यातल्या आजींनी पहिली पावती आपल्या नावाने फाडायला सांगितली. "पाण्याला पैसे नव्हे, पाणी पाजायला" असे म्हणाल्या.

वर्गणीची वही सध्या माझ्याकडे आहे. अकराही नावे पेन्सिलीने लिहून ठेवली आहेत. वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊला, नळ येऊन गेल्यावर, बैठक आहे.